किंचाळणारा पट्टा आणि ओरिसियाबाई

गाडीचं बॉनेट उघडून तुम्ही कधी आत डोकावला असाल, तर मी तुम्हाला दिसलो असेन. इंजिनाच्या एका अंगाला पाच-सहा पुलींना वळसे घालत गेलेला काळा रबरी पट्टा, तो मी. इंजिन फिरलं की मी फिरतो, आणि माझ्या जिवावर बॅटरी भरणारा आल्टरनेटर फिरतो, पाण्याचा पंप फिरतो, स्टिअरिंग हलकं करणारा पंप फिरतो. मी थांबलो की हे तिघेही हात वर करतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी देखणा होतो. अंगात पिळाचे दोरे, वर काळंभोर रबर आणि पोटाच्या बाजूला सहा सरळ धारा. नऊ वर्षांपूर्वी सस्कॅचेवान प्रांतातल्या एका छोट्या गावात मला ओरिसिया हनाट्युक यांच्या निळ्या गाडीत बसवलं. बाई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, आता चौऱ्याहत्तरच्या. चर्चमध्ये गाण्याचा सराव, मैत्रिणींकडे पत्ते, कुणाच्या तरी तेराव्या नातवाचं बारसं, असं आमचं फिरणं चालायचं. उणे पस्तीसची थंडी सोसली, उन्हाळ्यातली धूळ खाल्ली, पण कुरकुर केली नाही.

या ऑक्टोबरात मात्र माझा आवाज फुटला. ओलसर गार सकाळी गाडी सुरू केली की मी काही क्षण किंचाळायचो, मग गप्प व्हायचो. पुढे पुढे चर्चच्या आवारात गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुन्हा तेच. खरं सांगतो, ते ओरडणं नव्हतं, घसरणं होतं. माझ्या धारांवर बारीक भेगा पडल्या होत्या, पोट काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, त्यामुळे पुलीवर माझी पकडच बसत नव्हती.

बाईंचा कान तयार. त्या म्हणाल्या, "कालच्यापेक्षा आज अर्धा सूर वर गेलाय."

त्यांचा धाकटा भाऊ नेस्टर शेजारीच राहतो. जगातल्या प्रत्येक यंत्रावर त्याच्याकडे उपाय असतो. तो म्हणाला, "साबण लाव. बाबा ट्रॅक्टरच्या पट्ट्याला लावायचे."

"आणि तो ट्रॅक्टर कुठे असायचा? अर्धा वेळ शेतात बंद पडलेला."

तरी नेस्टरने इंजिन बंद असताना माझ्या पोटावर अंघोळीचा साबण घासला. दोन दिवस मी लव्हेंडरचा वास सोडत मुकाट फिरलो. नेस्टर गल्लीभर सांगत सुटला. तिसऱ्या दिवशी त्या साबणावर धूळ बसली आणि मी आधीपेक्षा जोरात किंचाळलो. आजार होता तिथेच होता, वर फक्त साबण चढला होता.

त्याच आठवड्यात नेस्टरच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. मोतीबिंदू. सात महिने थांबून सस्काटून शहरातल्या इस्पितळाची तारीख मिळालेली, दुपारी एकची. अडीच तासांचा रस्ता, पण बाई आठलाच निघाल्या. बाहेर पाऊस आणि बर्फाचा चिखल एकदमच पडत होता. दिवे चालू, वायपर चालू, हीटर चालू. या सगळ्यांची वीज आल्टरनेटरकडून यायची, आणि त्याला ओढायचा कुणी? मी.

तासाभराने माझी एक कड उसवली. सुटलेला दोरा फिरताना आतल्या पत्र्यावर आपटू लागला. टप, टप, टप. गाडीत बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला.

"हा दिवा का लागला?" बाईंनी विचारलं.

"तो उगाच लागतो. चल तू."

"उगाच लागणारा पिवळा होता. हा लाल आहे. आणि तापमानाचा काटाही वर सरकतोय."

"ओरिसिया, सात महिने थांबलोय मी. आज चुकलं तर पुन्हा रांगेत शेवटी. मला तू सुद्धा दोन दिसतेस."

"दोघींचंही म्हणणं एकच आहे. इथे वळायचं."

वीज वाचवायला त्यांनी हीटरचा पंखा बंद केला, रेडिओ बंद केला आणि पुढच्या फाट्यावरून गाडी हळूहळू एका खेड्यात आणली. पेट्रोलपंपाला लागून गॅरेज होतं. नेस्टर दाराकडे तोंड फिरवून बसला. बाई इंजिन बंद करायला गेल्या तेवढ्यात आतून सेहेचाळीस-सत्तेचाळीसची एक दणकट मेकॅनिक फडक्याने हात पुसत आली.

"थांबा, बंद करू नका. ऐकू द्या जरा."

ती मान तिरकी करून उभी राहिली. मग बॉनेट उघडून तिने बाटलीने लांबूनच माझ्या पोटावर पाण्याचा फवारा मारला. माझा आवाज आणखी चढला.

"पाण्याने आवाज गप्प झाला असता तर म्हटलं असतं, नुसता पट्टा झिजलाय किंवा पुली तिरकी आहे. वाढला म्हणजे ताण सुटलाय. आणि खाली घरघर ऐकू येते? ती ताण धरणाऱ्या कप्पीची. तिचं बेअरिंग गेलंय. नुसता पट्टा बदलला तर नवाही महिनाभरात ओरडेल." तिने इंजिन बंद करायला लावलं आणि टॉर्च धरून मला थोडं पिळून पाहिलं. "अहो, हे काय? एका धारेचा तुकडाच उडालाय. अजून वीसेक किलोमीटर गेला असतात तर पट्टा तुटून पडला असता. पंप थांबला असता, इंजिन तापलं असतं, आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. या चिखलात."

ती थांबली. माझा वास घेतला. "याला साबण कुणी लावला?"

नेस्टर खिडकीबाहेर बघत राहिला.

"एक वाजता याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," बाई म्हणाल्या.

"पोहोचाल. पट्टा आहे माझ्याकडे. कप्पी मागच्या भंगारातल्या गाडीची काढते, चांगली आहे ती."

तिने माझ्या वळणांचं चित्र पुठ्ठ्यावर काढून घेतलं, कारण बॉनेटखाली चिकटवलेला वळणांच्या नकाशाचा कागद कधीच फाटून गेला होता. मग पान्याने कप्पी मागे ओढली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझं अंग सैल पडलं. दुखेल असं वाटलं होतं. उलट बरं वाटलं.

बाई कौतुकाने बघत होत्या. "कान फार छान आहे तुझा."

ती हसली, पण हात थांबले नाहीत. "तुम्हीच म्हणाला होतात, मला कान नाही म्हणून. ओळखलं नाहीत, बाई? कोरीन. चौथीत होते. नाताळच्या कार्यक्रमात तुम्ही मला मागच्या रांगेत उभं केलंत आणि म्हणालात, तू नुसते ओठ हलव."

बाईंचा चेहरा उतरला.

"म्हणाले असेन," त्या हळूच म्हणाल्या. "बऱ्याच मुलांना म्हणाले असेन."

"राग नाही, बाई. पण मी तेव्हापासून गायलेच नाही. गाडीत एकटी असले तरी नाही."

बाई ओल्या फरशीवरून तिच्याजवळ गेल्या. "चुकलं माझं, कोरीन. कार्यक्रम चांगला व्हायला हवा होता मला. मुलं चांगली होती, ते दिसलंच नाही." मग त्या म्हणाल्या, "डिसेंबरात आमच्या चर्चच्या हॉलमध्ये गाणी असतात. ये. पुढच्या रांगेत उभी राहा."

"बेसूर निघेल."

"निघू दे. नेस्टर तीस वर्षं गातोय."

"मी इथेच बसलोय," गाडीतून नेस्टर म्हणाला. तो सकाळपासून पहिल्यांदा हसला.

अकराच्या सुमारास नवा पट्टा चढवून निळी गाडी निघाली. आवाज नाही, दिवा नाही. मी टेबलावर पडून ती जाताना पाहिली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पुढेही मी तिच्यातच असतो तर दोघं कुठे असती, हेही मला कळत होतं.

परवा डोळ्याच्या तपासणीहून परतताना ती दोघं थांबली. नेस्टरच्या डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी, तिच्याआडून तो टकामका बघत होता. "पोरी, गॅरेजवरची तुझी पाटी हिरवी आहे होय? मला राखाडी वाटली होती." बाईंनी खसखशीचा गोड रोल आणला होता आणि गाण्यांची वही.

मी आता कोरीनच्या गॅरेजात खिळ्यावर लटकतो. गिऱ्हाईक आलं की ती मला काढते, उलटा वाकवते आणि माझ्या भेगा दाखवते. "असा दिसला तर बदला. पोट काचेसारखं लखलखीत दिसलं तरी बदला. आणि साबण लावू नका." तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, सहा महिन्यांतून एकदा टॉर्च घेऊन आमच्याकडे बघा. आम्ही ओरडतो ते काहीतरी सांगायलाच.

कोरीन आत्ता एका ट्रकखाली पडली आहे. वही तिच्या छातीवर उघडी आहे आणि सकाळपासून दुसरं कडवं चाललंय. सूर काही सापडत नाही. आवाज मात्र मोठा आहे, रस्त्यापर्यंत जातोय.