भास्कररावांची वही

“फाइल बदललीस की वहीत लिहायचं हो. न लिहिलेल्या बदलाला इथे कोणी वाली नाही.”

सर्व्हर सांभाळणाऱ्या भास्कररावांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मेधा मनात हसली होती. दोन हजार सहा साल उजाडलं, आणि ह्यांची वही.

देवासची ती छोटी कंपनी शाळांच्या निकालांचं सॉफ्टवेअर करायची. पानांचे मथळे, तक्ते, बटणं अशा तयार साच्यांची, म्हणजे टेम्प्लेटांची, नवी लायब्ररी मेधाने बांधली होती. ती कुठे ठेवलीय, हे पानं चालवणाऱ्या जावाच्या फ्रेमवर्कला सर्व्हरवरच्या एका कॉन्फिग फाइलमधून कळायचं. संध्याकाळी ती तिथे नवा पत्ता घाली, पानं उघडत. सकाळी पुन्हा ‘टेम्प्लेट सापडत नाही’. फाइलमध्ये जुनाच पत्ता.

असे तीन दिवस गेले. बाळंतपणानंतर तिला तीन महिन्यांच्या बोलीवर परत घेतलं होतं, आणि शुक्रवारी शाळावाले काम बघायला येणार होते.

तिचा संशय विपुलवर. ती रजेवर असताना तिचं काम त्याच्याकडे होतं. जाताना ती मुद्दाम माउस तिरका ठेवी. सकाळी तो सरळ असे.

“विपुल, माझ्या फाइलला कोण हात लावतं?”

“अपन क्यों लगाएंगे मॅडम? बाळ झोपू देत नसेल. तुम्हीच सेव करायला विसरत असाल.”

ते तिला झोंबलं. गुरुवारी तिने बदल केला, वहीतही लिहिला. शुक्रवारी तान्ह्या सृष्टीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून आठलाच ऑफिस गाठलं.

विपुल नव्हता. भास्करराव टेबलाटेबलावर उदबत्ती ओवाळत, माउस सरळ करत होते. मग त्यांनी सर्व्हरमध्ये सीडी घातली. पूर्वी वीज जाऊन फाइली बिघडत. म्हणून वहीत नोंद नसलेली प्रत्येक फाइल ते रोज सकाळी सीडीवरच्या जुन्या प्रतीवर आणून ठेवत.

“काका, मी काल लिहिलंय वहीत.”

“लिहिलंस? दाखव बरं.”

तिची ओळ होती. तिच्या वर-खाली, मागची तीन पानं भरून, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एकच वाक्य: ‘मेधाला सांगणे, बदल वहीत लिही.’

“सांगितलं होतं ना गं मी तुला?” त्यांनी चाचरत विचारलं.

“सांगितलं होतं, काका.”

ओळ असूनही फाइलमध्ये जुनाच पत्ता परत आला होता. तिने नवा पुन्हा घातला. शाळावाले बघून गेल्यावर साहेबांनी विचारलं, तीन दिवस कोणामुळे वाया गेले?

“माझ्यामुळे. वहीत लिहायचं राहिलं.”

विपुलने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिची मुदत काही वाढली नाही.

मेधा आता धारला शिकवते. देवासकडे निघालेला कोणीही भेटला की ती सांगते, तेच तुम्हालाही: टेकडीच्या पायथ्याशी भास्करराव एकटे राहतात. एकदा डोकावून या. गॅस बंद आहे ना, तेवढं बघा. आणि त्यांनी वही पुढे केली, तर हसू नका. आलो होतो म्हणून लिहा.