बांधाखालच्या खोल्या

जनरेटर वर नेल्याचं शेजारच्या चिमाबाईने सांगितलं, तेव्हा दुर्गा कँटीनमध्ये पोळ्या लाटत होती.

सिल्वासाजवळच्या रांधा गावापलीकडे डोंगर फोडून खडी काढणारी ती खाण. खडीचा भुगा धुऊन वाळू म्हणून विकायचा आणि धुण्यातून उरलेला राखाडी चिखल वरच्या सपाटीवर साठवायचा. त्या चिखलाला सगळे रबडी म्हणत. रबडी अडवायला मातीचा बांध घातला होता. तळं भरत आलं की आणखी माती ओतून बांध चढवायचा. बांधाच्या पायथ्याशी कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या आणि नंदुरबारकडून आलेली कुटुंबं तिथे राहत. दुर्गाचा नवरा लखन डंपर चालवायचा.

गणपतीनंतर खोल्यांच्या मागची जमीन सुकेचना. आधी नितळ पाणी झिरपायचं, मग गढूळ येऊ लागलं. बांधाचं पोट फुगलं. यात लपलेलं काहीच नव्हतं. बायका त्या ओलीतच भांडी घासत आणि मॅनेजर कल्पेश रोज गाडीतून जाता-येता ते पाहायचा. दुर्गाने त्याच्या कानावर घातलं होतं. "माटी आहे बेन, थोडी पाझरणारच," तो म्हणाला होता. मग कुणीतरी येऊन फुगवट्यावर निळी ताडपत्री अंथरून गेलं.

जनरेटर खोल्यांना लागूनच होता. "क्रेन लावून नेला," चिमाबाई म्हणाली. "डिझेलच्या टाक्याबी नेल्या. हाफिसाच्या मागे टेकाडावर ठेवल्या."

"कशाला?"

"क्रेनचा पप्पू ऑपरेटर म्हणे, बांधाचा भरवसा नाही म्हणून."

दुर्गाने लाटणं खाली ठेवलं. पिठाच्या हातानेच ती ऑफिसात गेली. कल्पेश फोनवर होता. तो संपेपर्यंत ती दारात उभी राहिली.

"जनरेटर का हलवला, साहेब?"

"नवीन मशीन आहे. इन्शुरन्सवाले अडून बसले."

"म्हणजे बांध फुटेल हे तुम्हाला माहीत आहे."

"फुटेल कोण म्हणतं? काळजी घेतली."

"मशीनची घेतली. खाली माझी पोर झोपते."

कल्पेशने तिच्याकडे पाहिलं नाही. "खोल्यांचं दिवाळीनंतर बघू, बेन. आत्ता जागा कुठे आहे?"

"जनरेटरला मिळाली की."

"बघू बेन, बघू," म्हणत तो कागद चाळू लागला. तेवढ्याने तिच्या अंगाची आग झाली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो बेन म्हणत राहिला आणि कागद चाळत राहिला.

खाली येऊन तिने सिलिंडर, शेगडी, अंथरुणं बाहेर काढली. लखन जेवायला आला तर खोली अर्धी रिकामी.

"हे काय करू राहिली तू?"

"ऑफिसच्या ओट्यावर चालली. पोरीला घेऊन."

"माझं काम घालवशील. तो बांध काय कालचा नाही, वर्षभर आपण इथेच राहतो."

"वर्षभर तो जनरेटरबी इथेच होता. तू चल, नाहीतर तू रहा."

लखन राहिला. सगळ्या ड्रायव्हरांसमोर बायकोच्या मागे जाणं त्याला जड गेलं. चिमाबाई मात्र निघाली. शेळ्यांना वर बांधायला जागा नव्हती, म्हणून त्या खालीच राहिल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्याच बायका पोरांसकट ओट्यावर आल्या. कल्पेशने नळ बंद केला, पोलिसांना बोलावतो म्हणाला. "बोलवा," दुर्गा म्हणाली. "त्यांना बांध दाखवते." पोलीस आले नाहीत. नवरेही एकेक करून वर आले आणि कुरकुरत ओट्याच्या कडेला पडले. लखन तेवढा आला नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कल्पेशने लखनलाच फुगवट्यावर माती टाकायला पाठवलं. डंपर बांधावर चढवून त्याने हौदा उचलला आणि मागची चाकं खचली. दार उघडून त्याने उडी टाकली आणि जमेल तिकडे पळाला. मागे वळून पाहिलं तेव्हा डंपर नव्हता, त्याच्याखालचा बांधही नव्हता. रबडी घट्ट पिठल्यासारखी ओघळत खाली गेली आणि खोल्यांत शिरून खिडक्यांपर्यंत चढली. आवाज फारसा झाला नाही. पत्रे वाकण्याचा झाला, आणि शेळ्यांचा, तोही थोडाच वेळ.

लखन ओट्यापाशी आला. दुर्गाने त्याला धरून बसवलं, पाणी दिलं. बोलली असती तर तिने त्याला मारलंच असतं.

संध्याकाळी सिल्वासाहून सरकारी साहेब आले, कॅमेरेवाले आले. कल्पेश इस्त्रीचा शर्ट घालून पुढे झाला. "कंपनीने वेळेत सगळ्या कुटुंबांना सुरक्षित जागी हलवलं, त्यामुळे जीवितहानी टळली," असं तो म्हणाला.

दुर्गा गर्दीतून पुढे आली. "यांनी जनरेटर हलवला. आम्ही आमच्या पायांनी वर आलो. या ओट्यावर आलो म्हणून यांनी नळ बंद केला."

"बेन घाबरलेली आहे," कल्पेश साहेबांना म्हणाला.

"ती नाही घाबरली," लखन मागून बोलला. त्याच्या अंगावर रबडी वाळून पांढरी पडली होती. "मी घाबरलो होतो, म्हणून खाली राहिलो. आज यांनीच मला बांधावर पाठवलं. विचारा त्यांना, कशाला पाठवलं ते."

साहेबांनी विचारलं. कल्पेशने कॅमेरेवाल्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

खाण बंद झाली. पण लोकांना वाटलं होतं तशी कुणाला शिक्षा झाली नाही. कल्पेश त्याच मालकाच्या दुसऱ्या खाणीवर गेला. चिमाबाईला शेळ्यांचं काही मिळालं नाही. ती गावी परतली. लखन-दुर्गाने सिल्वासाजवळ अथालला खोली घेतली. तो धाग्याच्या कारखान्यात लोडिंगला लागला, ती पॅकिंगला.

पॅकिंगच्या बायकांना ती हकीगत कळली तेव्हा एकजण म्हणाली, "देवाची कृपा म्हणायची. नशीब थोर तुमचं."

दुर्गाने हातातली चिकटपट्टी टेबलावर आपटली. "नशीब कुठलं आलं त्यात? त्यांना माहीत होतं. त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी आम्हाला तिथे झोपू दिलं."

चिकटपट्टीचं टोक सापडेना, तशी ती नखाने ते खरवडत राहिली.