आधी चिठ्ठी, मग चमचा

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. समजा, तुम्ही पाण्याखाली आहात, कालव्याच्या तोंडाशी, एका मोठ्या लोखंडी जाळीजवळ. वर लख्ख ऊन आहे, पण तुमच्यापर्यंत पोचतोय तो फक्त हिरवट उजेड. जाळीत फांद्या, पिशव्या, कुणाची तरी चप्पल असं बरंच काही अडकलंय आणि ते हातांनी ओढून काढायचंय. जाळीच्या पलीकडे एक दार आहे, दोन मजली घराएवढं. ते बंद आहे, म्हणून पाणी गप्प आहे. ते उघडलं, तर हेच गप्प पाणी तुम्हाला जाळीवर असं दाबून धरील की करंगळीसुद्धा हलणार नाही.

आता मला सांगा, ते दार बंदच राहील असा शब्द तुम्हाला कुणी दिलाय?

भिंगरीच्या बाबांना आधी तो शब्द एक कुलूप द्यायचं. बाबा पाणबुड्याचं काम करत आणि जाळी साफ करणं हा त्यांचा रोजगार होता. दाराजवळच्या चौकीत दार उघडणाऱ्या मोटारीचा एक मोठा खटका होता. पाण्यात उतरण्याआधी बाबा तो खाली ओढायचे, त्याला स्वतःचं पितळी कुलूप लावायचे आणि किल्ली अंगावर ठेवूनच बुडी मारायचे. मग राजा आला तरी दार उघडणार नाही. "ज्याचा जीव पाण्यात, किल्ली त्याच्याच खिशात," असं ते म्हणत.

पण चौकी होती अलीकडच्या काठावर आणि जाळीकडे उतरायच्या पायऱ्या पलीकडच्या. दर वेळी पुलावरून वळसा पडायचा. पुढे पलीकडच्या काठावर एक बटण बसवलं. बाबा पाण्यात उतरले, की त्यांचा जोडीदार ते दाबायचा. निरोप दूरच्या यंत्रांकडे जायचा आणि शहरातल्या दार उघडणाऱ्या माणसाच्या पडद्यावर अक्षरं यायची : पाण्यात माणूस आहे. वळसा वाचला आणि कुलूप बिनकामाचं झालं. ते भिंगरीने सायकलला लावलं. किल्ली तिच्या गळ्यात असायची.

तो निरोप ज्या यंत्रांतून जायचा, ती यंत्रं सांभाळणं हे तिच्या आईचं काम होतं.

"आई, तुम्ही त्याला क्लाऊड का म्हणता? ढगात आहेत का ती यंत्रं?" भिंगरीने एकदा जेवताना विचारलं.

"कसले ढग! लांब कुठे तरी मोठ्या खोल्या आहेत, यंत्रांनी भरलेल्या. आम्ही ती भाड्याने वापरतो. आता त्यातली जुन्या घडणीची सोडून नव्या घडणीची घेतली. त्यांचा प्रोसेसर, म्हणजे त्यांचा मेंदू, वेगळा आहे. वीज कमी खातो, तापत नाही, भाडंही कमी."

"कमी खाऊन जास्त काम?" बाबा पातेल्याकडे हात नेत म्हणाले. "माझ्या जागी त्यालाच आणा मग घरात."

"आणलाच असता. तो जेवला असता तर निदान स्वतःचं ताट तरी उचललं असतं."

बाबांनी निमूटपणे ताट उचललं. भिंगरीला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

"पण निरोप जातो कसा?" तिने विचारलं. या मुलीला एक उत्तर दिलं की तिचे दोन प्रश्न तयार असायचे.

आईने एक रिकामा डबा आणि चमचा घेतला. "हे बघ. मी डब्यात चिठ्ठी ठेवते. मग चमचा उभा करते. चमचा उभा दिसला, की तू डबा उघडून चिठ्ठी वाचायची. एकदाच. मग पुढचा चमचा उभा राहीपर्यंत डब्याकडे बघायचंही नाही. चिठ्ठी म्हणजे बातमी, चमचा म्हणजे 'ताजी आहे' ही खूण."

खेळ रंगला. आई वाचणारी झाली, भिंगरी ठेवणारी. एका चिठ्ठीवर 'माणूस आहे', एकीवर 'माणूस नाही'. ती भराभर चिठ्ठ्या बदलू लागली, आणि आणखी भराभर करायचं म्हणून दोन्ही हात एकदम चालवले. आईने चमचा पाहिला, डबा उघडला आणि वाचलं, "माणूस नाही."

"चूक! 'आहे' होतं! ही बघ, 'आहे'ची चिठ्ठी अजून माझ्या हातातच आहे. चमचा आधी गेला." भिंगरी टाळ्या पिटत म्हणाली. "आई, नवा मेंदू असं करतो का?"

आई हसली नाही.

"करू शकतो," ती हळूच म्हणाली. "जुना मेंदू सांगितलेल्या क्रमाने ठेवायचा. आधी चिठ्ठी, मग चमचा. नवा काटकसरी आहे. वेळ वाया जाऊ नये म्हणून जे हाताशी असेल ते आधी उरकतो. त्याला बजावावं लागतं, थांब, आधी चिठ्ठी पोचू दे. तेवढी एक ओळ लिहावी लागते."

"लिहिलीय ना?"

"असेल."

मुलांनो, मोठ्या माणसांच्या तोंडी 'असेल' आलं, की नीट कान द्या. त्या शब्दाखाली बऱ्याचदा काहीच नसतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बाबा सकाळीच पाणबुड्याचा पोशाख गाडीत टाकून गेले होते. आई टेबलापाशी बसून यंत्रांचं जुनं लिखाण वाचत होती. फोनचा स्पीकर चालू होता आणि पलीकडे तिच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई होत्या.

"अगं, नव्या यंत्रांवर हलवण्याआधी लाख वेळा चालवून पाहिलं आपण. एकदा तरी चुकलं का?"

"नाही. पण बाई, ते रोज चुकणारच नाही. कधी तरी, फार घाई असली की..."

"कधी तरी आभाळही पडेल! सगळं सुरळीत चाललंय, खर्च निम्म्यावर आलाय, आणि तू एका चमच्यावरून घोडं अडवतेस?"

"लिखाण जुन्या माणसाचं आहे. जुना मेंदू क्रम आपोआप पाळायचा, म्हणून ती ओळ त्यांनी लिहिलीच नाही. त्यांना गरजच नव्हती. इथे ती ओळ नाहीये, बाई."

"बरं, उद्या घालू," मोठ्या बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

आईने घड्याळाकडे पाहिलं आणि जोडीदारकाकांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. काका पाणी उपसायच्या पंपाशेजारी उभे असणार. तिथे तोफ डागली तरी ऐकू येत नाही. मग तिने शहरातल्या त्या दार उघडणाऱ्या माणसाला लावला. लाईन व्यस्त. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त.

"उचला ना," ती फोनला म्हणाली. आईचा असा आवाज भिंगरीने कधीच ऐकला नव्हता. "उचला ना हो कुणी तरी."

भिंगरी दारात उभी होती. बाहेर भिंतीला तिची सायकल टेकलेली होती, आणि सायकलला पितळी कुलूप. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत. तिने गळ्यातली किल्ली ओढली, कुलूप काढलं, आणि आई "भिंगरी!" म्हणेपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोचली होती.

घरापासून चौकी दूर नव्हती. कालव्याच्या कडेचा रस्ता अगदी निवांत होता. एक कुत्रा सावलीत पडला होता. पाणी काचेसारखं स्थिर होतं आणि तेच भिंगरीला आवडलं नाही.

चौकीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत तेलाचा वास येत होता. खिडकीतून पलीकडचा काठ दिसला. जोडीदारकाका पंपाशी पाठमोरे उभे होते, आणि जाळीपाशी पाण्यावर बुडबुडे येत होते. एक, मग पुन्हा एक. तिने खिडकीतून बोंब मारली. काका वळले नाहीत.

तिच्या डोक्याच्या वर भिंतीवर खटका होता, वर उचललेला. शेजारी एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला. तो का लुकलुकतो हे बाबांनी तिला कधी तरी दाखवलं होतं : शहरातून मोटारीला हाक आली, की आधी हा दिवा जागा होतो.

तिने दोन्ही हातांनी खटका धरला आणि त्याला लोंबकळली. तो हलेना. तिने भिंतीला पाय लावले आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढला. खट्! खटका खाली आला. दिवा विझला. तिने कुलूप खटक्याच्या भोकात अडकवलं आणि दाबलं.

चौकीतला फोन वाजू लागला. तिने तो उचलला.

"हॅलो, कोण आहे तिथे?" पलीकडून एका माणसाचा चढा आवाज आला. "खटका कुणी पाडला? मला दार उघडायचंय, खालच्या गावांना पाणी सोडायचंय!"

"काका, नका उघडू. माझे बाबा पाण्यात आहेत."

"ए पोरी, हा काय खेळ आहे? पाण्यात कुणी नाही. माझ्यासमोर पडद्यावर लिहिलंय, आणि ताजी खूण आहे त्याला."

"मला इथून बुडबुडे दिसतायत, काका."

त्या माणसाने पडदा पुन्हा एकदा वाचून पाहिला. मग म्हणाला, "पडदा चुकत नाही, बाळ. तू बाजूला हो. तिथला गस्तवाला जवळच आहे. त्याला पाठवतो, तो कुलूप तोडेल."

फोन बंद झाला. रस्त्यावर, अजून लांब, मोटारसायकलचा आवाज सुरू झाला. खिडकीबाहेर जाळीपाशी आणखी एक बुडबुडा वर आला.

भिंगरीने चौकीचं दार लोटून आतून कडी घातली. कुलपाची किल्ली खिशात टाकली, तो खिसा मुठीत घट्ट आवळला, आणि बाबा वर येईपर्यंत हलायचं नाही असं ठरवून खटक्याखाली भिंतीला पाठ लावून, दाराला दोन्ही पाय रेटून ती खाली बसली.