निळा रंग गेला तेव्हा

प्रयोगशाळेत तिला सगळे धाकटी म्हणत, आणि धाकटीचं प्रथिन तीन वर्षं झाली तरी जस्त धरायला तयार नव्हतं. कागदावर सगळं चोख होतं: गंधकाचे चार हात आणि मधोमध जस्ताच्या एका आयनापुरती जागा. प्रत्यक्षात जागा रिकामीच. शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही तर विषय बंद, असं तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगून टाकलं होतं. बाईंना शब्द फिरवायची सवय नव्हती.

बुधवारी ती प्रथिनं ठेवायच्या द्रावणाचा मोठा कॅन भरायला घेत होती. सगळे त्यातलंच वापरत. कृती भिंतीवरच्या कार्डावर, बाईंच्या अक्षरात, वीस वर्षांपूर्वीची. चौथ्या ओळीवर तिची नजर अडली: ईडीटीए. पाण्यातून चुकून आलेला धातू सहा बाजूंनी धरून ठेवणारं रसायन. इतरांच्या प्रथिनांना धातूशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यामुळे त्यांचं निभावत होतं. हिच्या प्रथिनाच्या तोंडचा घास मात्र ते तीन वर्षं पळवत होतं. धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. ओळ तिला तोंडपाठ होती, म्हणूनच तर कधी दिसली नव्हती.

आता बाईंना सांगायचं म्हणजे त्यांच्याच अक्षरावर बोट ठेवायचं.

“बाई, आपल्या कॅनमध्येच चोर बसलाय.”

बाईंनी कार्ड दोनदा वाचलं. “मीच बसवलाय,” त्या म्हणाल्या. “शुक्रवार यायचाय अजून. लाग कामाला.”

ईडीटीए नसलेलं द्रावण पुन्हा पुन्हा बदलत तिने दोन दिवस प्रथिन धुऊन काढलं. जस्ताला रंग नसतो, म्हणून शुक्रवारी तिने आधी कोबाल्ट घेतलं. गुलाबी थेंब आत पडला आणि नळी निळीशार झाली. कोबाल्ट त्या जागेत बसलं होतं. बाई खुर्चीवरून उठल्या, काचसामान धुणारे मामाही हात पुसत आले.

मग तिने जस्त घातलं. निळा रंग बघता बघता ओसरला.

“बिघडलं की गं,” मामा हळहळले.

“नाही हो मामा,” धाकटी म्हणाली आणि तिला हसू आवरेना. “मालक घरी आला, भाडेकरू उठला.”

बाईंनी कार्ड भिंतीवरून काढलं, चौथी ओळ खोडली आणि पेन तिच्यापुढे धरलं.

“तुझ्या द्रावणाची कृती मागे लिही. खाली पूर्ण नाव. धाकटी लिहू नकोस.”

हसता हसता लिहिलं, म्हणून नाव वाकडं उमटलं. तिने ते तसंच ठेवलं.