विळेवाल्यांच्या घरचं निनावी पातं

मी तलवारीचं पातं बोलतोय. अंगावर नाव कोरलेली पाती काचेच्या कपाटात गप्प पडून असतात, त्यांना बोलायची गरज नाही. माझ्या अंगावर नाव नाही, म्हणून तोंड उघडावं लागतंय. दीड हात लांबी, पाठीला थोडा बाक, धारेवर पांढरी लाट. एवढं कोणालाही दिसतं. केलं कोणी, ते कुठंच लिहिलेलं नाही.

मला वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुठीत लपणारी जी आमची शेपटी असते, तिच्यावर लोहार छिन्नीनं नाव कोरतो. तीच आमची शाळा. माझ्यावर कोणी एक अक्षरही काढलं नाही, त्यामुळे मी अडाणी राहिलो. पण कान तिखट आहेत. घणाखाली जन्मलेल्याचे असणारच.

जन्माचं थोडं आठवतं. तोक्योपासून लांब, मिनो प्रांतातलं डोंगरातलं गाव, लहानशी भट्टी, भात्याची धाप आणि ठोके. ठोके डावीकडून यायचे. मला वाटायचं, जगात सगळ्यांनाच डावीकडून ठोकतात. मग अंगाला माती फासली, लालबुंद केलं आणि पाण्यात बुडवलं. तेव्हा भट्टीत जी किंकाळी घुमली ती माझी. शेवटी शेपटी कानशीनं घासली, खुंटीसाठी भोक पाडलं, आणि झालं काम.

त्याचं नाव मला कधी कळलंच नाही. घरात त्याला नावानं कोण हाक मारणार? बायको म्हणायची, "अहो, भात निवतोय." गिऱ्हाईक म्हणायचं, "लोहारबुवा, झालं का?" पोरं बाबा म्हणायची. एकशे ऐंशी वर्षं मी एका 'अहो'चं पातं म्हणून काढली.

त्याच्यानंतर त्या घरात कोणी लोहार झाला नाही. भट्टीच्या जागेवर मुळे लावले. एका घरजावयानं मला बांबू तोडायला नेलं होतं, सांगायला लाज वाटते. देश मोठं युद्ध हरल्यावर हुकूम आला की घरोघरच्या तलवारी जमा करा. तेव्हा घरातल्या आजीनं मला चिंधीत गुंडाळलं आणि रेशमाचे किडे पाळायच्या माळ्यावर पेंढ्यात खुपसलं. किडे रात्रंदिवस तुतीची पानं खायचे. पाऊस पडावा तसा आवाज. त्या आवाजात मी सहा वर्षं पडून होतो.

तिथंच मी इसोएला पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा ती शाळकरी पोर होती. डाव्या हातानं लिहिते म्हणून मास्तरांनी तिचा हात फडक्यानं कमरेला बांधला होता. ती माळ्यावर येऊन रडत बसली. आजी मागोमाग चढली, पेंढा बाजूला केला आणि मला उघडं केलं.

"हे बघ. तुझे खापरपणजोबा पण डावखुरेच. त्याच हातानं हे केलंय. पुस, नाक पुस आधी."

पोरगी रडायची थांबली. तिनं मला बोटानं शिवून पाहिलं. त्या दिवसापासून तिनं ती गोष्ट खरी धरली. गावानं नाही धरली. गावात त्या घराला विळेवाल्यांचं घर म्हणतात, कारण पूर्वी तिथं पिढीजात विळे व्हायचे. विळेवाला आणि तलवार? लोक हसायचे. तिचा स्वतःचा नवरासुद्धा हसायचा. तो भला माणूस होता, पण हसायचा.

पुढं मला उजेडात आणलं, सरकारी नोंद झाली. कारकुनानं लांबी मोजली आणि लिहिताना मोठ्यानं म्हणाला, "निनावी."

आता इसोएबाई शहात्तर वर्षांची आहे. नवरा गेला, मूलबाळ नाही. मागल्या शरदात, अंगणातली पर्सिमनची फळं सोलून दोरीला टांगून झाली, तेव्हा तिनं ठरवलं की आपण असेपर्यंत हा निकाल लावायचा. खालच्या गावात पाती पारखणाऱ्या मंडळींची बैठक भरते. ओकुदाईरा गुरुजी तिथले जाणते. मला घालायला तिनं साध्या पांढऱ्या लाकडाचं नवं म्यान करून घेतलं होतं. गुरुजींची खात्री पटली तर ते अशा म्यानावर कुंचल्यानं लोहाराचं नाव लिहितात. एकदा चढलेलं नाव उतरत नाही. पुढचे लोक पातं बघायच्या आधी तेच वाचतात, आणि निम्मे तर तेवढंच वाचतात. म्हणजे आजीची गोष्ट खरी की खोटी, ते त्या दिवशी कायमचं ठरणार होतं.

बैठकीच्या सकाळी एक घोटाळा झाला. इसोएबाईचा चुलतभाऊ कुराजी गावात खिळे, दोऱ्या, बादल्या विकतो. तो मदतीला आला. तिनं चहा ठेवला तेवढ्यात त्यानं माझी मूठ काढली आणि तारेच्या ब्रशनं शेपटी घासायला लागला. एकशे ऐंशी वर्षांचा गंज होता तो. आमचं वय त्यातच असतं. ते याला कोण सांगणार?

"कुराजी! काय करतोस?"

"अगं ताई, किती घाण होती! अशी घेऊन गेलीस तर म्हणतील, विळेवाल्यांकडं साबण नाही."

"ठेव तो ब्रश खाली."

"थोडंच राहिलंय."

"ठेव म्हणते ना! घासायचंच असेल तर तुझं डोकं घास."

शेपटीचा वरचा अर्धा भाग भांड्यासारखा चकाकत होता. खालचा अर्धा वाचला. इसोएबाईनं मला त्याच्या हातून काढून घेतलं आणि मूठ परत चढवली. रडली मात्र नाही.

बैठक देवळाच्या दालनात होती. अकरा माणसं, सगळी म्हातारी, सगळ्यांचे गुडघे वाजणारे. या मंडळींचा एक खेळ असतो. शेपटी फडक्यात गुंडाळतात, फक्त पातं हातोहात फिरवतात, आणि प्रत्येकानं चिठ्ठीवर लोहाराचं नाव लिहून द्यायचं. एरवी गुरुजींना उत्तर माहीत असतं. ते नुसतं सांगतात, लागलं, जवळ आलं, किंवा नाही.

"आज मीही तुमच्यासारखाच परीक्षेला बसलोय," गुरुजी म्हणाले. "नीट बघा."

माणसांची बघायची तऱ्हा मला पाठ आहे. दिव्याखाली धरतात, श्वास रोखतात आणि अहाहा म्हणतात. शेजाऱ्यानं अहाहा म्हटलं की जास्त जोरात म्हणतात. एकाला माझ्यात समुद्र दिसला, एकाला डोंगरावरचं धुकं. मला त्या दिवशी फक्त शेपटीवर बांधलेलं फडकं टोचत होतं.

चिठ्ठ्या वाचल्या. सात जणांनी एकच नाव लिहिलं होतं, नागाहिसा. एदोतला, म्हणजे जुन्या तोक्योतला मोठा लोहार, सरदारांच्या कमरेला त्याची पाती. गुरुजी म्हणाले, "माझाही कल तिकडंच आहे." कुराजी मांडी बदलत हळूच म्हणाला, "ताई, नशीब काढलंस!"

ताईचा चेहरा उतरला होता. मोठं नाव निघालं म्हणून चेहरा उतरलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

गुरुजींनी शेवटची चिठ्ठी उघडली. "गोन्शिरो. हा कोण बुवा?"

"माझे खापरपणजोबा," ती चिठ्ठी टाकणारी इसोएबाई म्हणाली.

"कोणत्या घराण्यातले?"

"विळे करायचे."

दालनात हशा पिकला. "गवत आणा रे कोणीतरी, कापून बघू!" एक जण ओरडला.

मी त्या हशात हसलो नाही. ते नाव पहिल्यांदा ऐकत होतो. गोन्शिरो. हाच माझा 'अहो' का? उठून विचारावंसं वाटलं, पण आम्हाला कोण विचारतंय.

"हसा तुम्ही," इसोएबाई म्हणाली. "ते डावखुरे होते. खोटं निघालं तर तसं सांगा, मी मुकाट्यानं घरी जाईन. पण खरं असेल तर त्यांच्या कामावर दुसऱ्याचं नाव नको."

गुरुजींनी फडकं सोडलं आणि त्यांचा चेहरा फिरला. "कोणत्या गाढवानं घासलंय हे?"

कुराजी छताकडं बघायला लागला. छतात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

निशिवाकी नावाचा म्हातारा पुढं सरकला. पाती दगडावर घासून उजळायचं काम त्यानं पन्नास वर्षं केलंय, बोटांची टोकं झिजून सपाट झालीत. त्यानं बॅटरी तिरपी धरली आणि गंजलेल्या अर्ध्या भागावर नाक टेकवलं.

"गुरुजी, कानशीच्या रेघा उलट्या उतरल्यात. सगळ्या तिरक्या, पण उलट्या. आणि टोकाशी तीन आडव्या. हात थकला की कानस आडवी पडायची याची."

"नागाहिसा उजव्या हातानं काम करायचा," गुरुजी पुटपुटले.

"म्हणजे डावखुरा कोणीतरी. पण तो गोन्शिरोच कशावरून, इसोएबाई? जगात डावखुरे काय कमी आहेत?"

"त्यांचा विळा आहे घरी. देव्हाऱ्याखालच्या खणात. त्यांच्या हातचा शेवटचा म्हणून कोणी वापरला नाही."

"विळ्यालाही शेपटी असते की!" निशिवाकी उठलाच. "चला, माझी गाडी आहे."

दोघं गेले. तासभर मंडळी चहा पीत बसली, मुरवलेले मुळे कुरकुर चावत बसली. माझ्याकडं कोणी बघेना. एवढ्या वर्षांत कधी मेलो नाही, पण त्या तासात मरायची पाळी आली होती. तो विळा सरळ रेघांचा निघाला तर? मग मी कोणाचा?

ते परत आले. निशिवाकीनं विळ्याच्या दांड्यातली खुंटी ठोकून काढली. दांडा हटेना. पाण्याचे दोन थेंब, अलगद ठोके, आणि लाकूड सुटलं. आतली शेपटी एवढी वर्षं हवेला लागली नव्हती. ती माझ्याशेजारी ठेवली. बॅटरी आधी तिच्यावर, मग माझ्यावर, मग पुन्हा तिच्यावर.

तिरक्या, उलट्या. टोकाशी तीन आडव्या.

कोणी अहाहा म्हटलं नाही. गवत मागणारा सगळ्यात आधी वाकून बघायला आला.

मी त्या विळ्याला ओळखलं नाही. तो माझ्यानंतरचा. पण भाऊ शेजारी पडलाय हे लोखंडाला कळतं.

गुरुजींनी शाई मागवली आणि कुंचला हातात घेऊन थांबले. "बाई, एक ऐका. तोक्योला पाठवलंत तर तिथं नागाहिसाच म्हणतील, खरेपणाचा छापील कागद मिळेल. मी हे नाव लिहिलं तर तो कागद कधीच मिळायचा नाही. माझंही हसं होईल. म्हणतील, ओकुदाईरा म्हातारा झाला."

"ते तर आत्ताच म्हणतात," निशिवाकी म्हणाला.

कुराजीला राहवेना. "गुरुजी, नागाहिसा लिहा. ताईला मी समजावतो."

"तू सकाळी घासलंस तेवढी मदत पुरे," गुरुजी म्हणाले आणि इसोएबाईकडं वळले. "बोला."

"कागद नको मला," ती म्हणाली. "ते नाव लिहा."

मी म्यानात होतो. लाकडाबाहेरून कुंचला फिरला, ओला आणि हळू. मला वाचता येत नाही, पण गुरुजींना लिहिताना पुटपुटायची खोड आहे. "मिनो प्रांत. गोन्शिरो. विळे करी. डावखुरा." मग खाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

इसोएबाईनं जमिनीला डोकं टेकवून नमस्कार केला, आणि बराच वेळ तिनं डोकं वर केलं नाही.

आता मी तिच्या घरी, खालच्या खणात असतो. विळा शेजारी. कुराजी दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "आमच्या खापरपणजोबांनी बरं का!" माणसं अशीच असतात, आमचं लोखंड बरं. महिन्यातून एकदा इसोएबाई मला बाहेर काढते, मऊ कागदानं पुसते, लवंगेच्या वासाचं तेल लावते. परवा पुसता पुसता म्हणाली, "सगळा जन्म विळे केलेत. मग हे एकच का केलंत? कोणासाठी?"

मला काय ठाऊक? मला धार दिली, कारण नाही सांगितलं. पण तो प्रश्न आता मलाही डाचतोय. एकच कशावरून, असंही वाटतं.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या माळ्यावर, पेंढ्यात, जुन्या पेटीत एखादं निनावी पातं असलं तर शेपटीला ब्रश लावू नका. आधी उजेड तिरपा धरून बघा. रेघा उलट्या असतील आणि टोकाशी तीन आडव्या असतील, तर विळेवाल्यांच्या घरी इसोएबाईला कळवा. ती मला सांगेल.

जरा घाई करा. मला वेळ आहे, पण ती शहात्तर वर्षांची आहे.