भिंतीमागचं पाणी

माझे वडील विठ्ठलराव गिरदावर होते, म्हणजे निजाम सरकारच्या महसुलासाठी गावोगाव फिरणारे अंमलदार. तट्टावरून पडून त्यांचं कंबरडं मोडलं आणि ते आदिलाबादच्या घरी खाटेला खिळले. पाय गेले, तोरा गेला नाही. पडलो तरी नाक वर, ही म्हण कोणीतरी आमच्या घरी येऊनच केली असावी.

दोन वर्षांनी, फसली तेराशे चोवीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंधराच्या चैत्रात, नागोराव पाटील आले. बाजारहत्नूरच्या वरच्या अंगाला चाळीस घरांची वाडी आहे, तिथले. वाडीला पाणी एकाच झऱ्याचं. अठरा वर्षांपूर्वी बाबांनी त्या झऱ्याला दगडी भिंत बांधली, मधोमध तोंड ठेवलं आणि वर स्वतःच्या नावाची फरशी बसवली. आता त्या तोंडातून थेंब थेंब पडत होता.

"भिंतीच्या मागं पानी वाजते, साहेब," नागोराव म्हणाले. "फोडू द्या. तहसीलदार म्हणते, सरकारी काम हाय, बांधनाऱ्यानं लिहून देल्लं तरच हात लावा. नाई तं वैशाखात वाडी उठते."

"पाऊसच कमी झाला. भिंतीचा काय दोष?" बाबा म्हणाले. "आन् मी ऐकीव गोष्टीवर सही करत नाई."

बाबांनी नोकरीभर विहिरींच्या जागा कानानं ठरवल्या होत्या. खडकावर घागर पालथी घालायची, बुडाला कान लावायचा आणि सगळ्यांना गप्प बसवायचं. आता तिथवर जाणं शक्य नव्हतं आणि दुसऱ्याच्या कानावर भरवसा नव्हता.

तेव्हा माझा थोरला भाऊ शरदचंद्र पुढे सरसावला. त्यानं हैदराबादेहून फोनोग्राफ आणला होता. कर्ण्यात बोललं की सुई मेणाच्या नळीवर चर कोरायची, आणि तीच नळी पुन्हा फिरवली की बोलणं ऐकू यायचं. हौसेला मोल नसतं. तो यंत्र घेऊन दीड दिवस बैलगाडीनं वाडीला गेला, भिंतीपुढे कर्णा धरून आवाज कोरून आला.

बाबांनी ती नळी ऐकली. सूं... असा एकसारखा आवाज.

"पाणीच की!" दादा म्हणाला.

"हे भजे तळून राह्यलं कोनी," बाबा म्हणाले. "पाणी असं एका सुरात वाजत नाई. हा तुझ्या यंत्राचा आवाज हाय. मागं काई नाई. भिंत बराबर हाय."

त्यांचा चेहरा मी पाहिला. ते खूश झाले होते. चाळीस घरांचं पाणी गेलं तरी चालेल, भिंत बरोबर असली म्हणजे झालं. मला असा संताप आला की मी दादाला म्हटलं, उरलेल्या दोन नळ्या घे, मी येते.

वाडीत पोचल्यावर मी एवढंच पाहिलं की दादा कर्णा भिंतीपासून दूर धरतो. खोलीतलं कुजबुजणं ऐकायचं तर माणूस अंगणात उभं राहत नाही. मी कर्ण्याचं तोंड भिंतीच्या तोंडात खुपसलं आणि कडेनं ओली माती लिंपली. यंत्राची घरघर कर्ण्यात शिरू नये म्हणून खाली गोधडीच्या चार घड्या घातल्या. वारा सुटायच्या आत, सकाळीच काम धरलं. तरी पहिली नळी सूं करतच राहिली, फक्त आता त्या सूंच्या मागं काहीतरी होतं.

बयनाबाई नावाची ओतारीण बाजूला बसून पाहत होती. तिचा धंदा पितळेचे दिवे ओतायचा. मातीच्या साच्यावर मेणाच्या दोऱ्या गुंडाळायच्या, वर माती लावून भाजायचं आणि वितळलेल्या मेणाच्या जागी पितळ ओतायचं. सुईखालून पडलेला मेणाचा चुरा तिनं चिमटीत धरला.

"बाई, मेन ठेवता कुठी?"

"ओल्या पोत्यात," दादा म्हणाला. "उन्हानं वितळू नये म्हणून."

पानं, लोणी, मेण. आमच्याकडे चैत्र लागला की जपायचं ते सगळं ओल्या पोत्यात जातं. त्यात काही चुकत असेल असं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"म्हनून तं चुरा पडते. गार मेन फाटते, कापल्या जात नाई," ती म्हणाली. "फाटलं का खरखर. द्या इकडं."

तिनं शेवटची नळी रुमालात गुंडाळून पदराखाली पोटाशी धरली आणि भाकरी होईस्तोवर तशीच बसली. दादा वितळेल, वितळेल म्हणत फेऱ्या मारत होता. "वितळाले आगटी लागते, दादा," ती म्हणाली. मग सुई टेकवली, तर चुरा पडेना. केसासारखा मेणाचा दोरा सरळ निघत गेला.

घरी आल्यावर नागोरावांच्या समोरच ती नळी लावली. खरखर अगदी थोडी. थेंब पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता. आणि त्याच्या मागं, खोल, बुडबुडत जाणारं पाणी. बाबांनी तीनदा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले.

"डाव्या अंगाला चाल्लं," ते म्हणाले.

बाबांचा चेहरा पाहून दादाला राहवलं नाही. "बाबा, खरखर अजून हाय थोडी. नक्की काई सांगता येत नाई."

"मले येते," बाबा म्हणाले. "नागोराव, तुझ्या बापानं सांगितलं होतं, तोंड डाव्या अंगाला ठेवा म्हनून. मी म्हनलो, मधोमध शोभते. वर माह्या नावाची फरशी बसवायची होती ना."

त्यांनी कागद मागवला आणि उर्दूत लिहिलं. मला उर्दू येत नाही, म्हणून वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी वाचलं, "भिंत चुकीची बांधली. पाणी त्यामुळे अडलं. बांधणारा मी. फोडावी."

पुढे भिंत फोडली, डावीकडून मनगटाएवढी धार आली, वाडी उठली नाही. पण त्या दिवशी मला आनंद झाला नाही. आठवडाभर मी बाबा हरावेत म्हणून धडपडत होते, आणि ते हरले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

नागोरावांनी कागद कपाळाला लावला आणि पाया पडायला वाकले. बाबांना पाय मागं घेता येत नव्हते. त्यांनी तोंड फिरवलं आणि नागोराव उठेपर्यंत तसेच राहिले.