मशीनचा आवाज

टेलरमावशींचं घर कुणाला शोधावं लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी मशीनचा आवाज यायचा. पँट आखूड करायची असो, गणवेशाची चेन बदलायची असो, गल्लीतली माणसं कपडे काखेत मारून सरळ त्यांच्या पुढच्या खोलीत शिरायची. नवरा लवकर गेला, तेव्हा मुलगा मांडीवर होता. त्याला त्यांनी त्या मशीनवर वाढवला, शिकवला, त्याचं लग्न लावून दिलं.

मुलगा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकणाऱ्याने क्लच धाडकन सोडला, गाडी कुणाच्या कुंपणाला नेऊन टेकवली, तरी त्याचा आवाज चढत नसे. ‘होतं असं सुरुवातीला,’ म्हणायचा. नवख्या बायका तर त्याच्याकडेच शिकायचं म्हणून अडून बसायच्या. असा शांत मुलगा पोटी यायला नशीब लागतं, असं लोक मावशींना तोंडावर सांगायचे आणि मावशी मान खाली घालून दोरा ओवायच्या.

त्याचा सगळा धीर उंबऱ्याबाहेर संपून जाई. जेवण कोमट निघालं, सून फोनवर हसताना दिसली, काहीही पुरायचं. तो मधलं दार लावून घ्यायचा. मग आधी त्याचा दबलेला आवाज, मग काहीतरी आपटल्याचा. आणि पुढच्या खोलीत मावशी मशीनवर बसायच्या. शिवायला काही नसलं तर चिंधी घ्यायच्या आणि तिच्यावरून टीप मारत राहायच्या, एकीवर एक, कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होईपर्यंत. सकाळी सून लांब बाह्यांचा कपडा घालून चहा करायची. मावशी तिच्याकडे बघायच्या नाहीत. नवरा-बायकोचं आहे, आपण मध्ये पडलो तर अजून चिघळेल, मूल मोठं झालं की निवळेल, अशी स्वतःची समजूत त्यांनी घालून घेतली होती. त्या समजुतीलाही आता कित्येक वर्षं झाली होती.

मूल म्हणजे नात. मावशींच्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावून मांडत बसायची, म्हणून सगळे तिला बटणच म्हणत. एका संध्याकाळी मावशी पडदे दुमडत होत्या. बाहेर गाडी थांबली, दार वाजलं, मुलगा कुणाशी न बोलता आत गेला. बटणने खेळ तसाच टाकला, येऊन मावशींच्या गुडघ्याला हात लावला आणि हळूच म्हणाली, “आजी, मशीन लाव ना. बाबा आलेत.”

पाणी मागावं इतक्या सहज म्हणाली. कानांवर हात ठेवून खाली बसलीसुद्धा.

जे मावशींना वाटत होतं की फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, ते पोर शिकून बसली होती. त्या उठल्या आणि मधलं दार ढकललं. सून कपाटाशी आक्रसून बसली होती आणि मुलाने तिचा हात मागे पिळून धरला होता. मावशी मध्ये घुसल्या. आई समोर आल्यावर तो गोंधळला, पकड सुटली. तेवढ्यात त्यांनी सुनेला ओढत बाहेर आणलं, नातीला कडेवर घेतलं आणि पायात चपला न घालता पोलीस चौकी गाठली.

पुढचं सगळं रीतीने झालं. सुनेच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून सून आणि बटण बायकांच्या आधारघरात गेल्या. मुलाला अटक झाली. गल्लीत हळहळ झाली, पण ती मुलासाठी. मावशींची बहीण येऊन म्हणाली की पोटच्या पोराला कुणी असं पोलिसांत देतं का, आणि चहा न घेता गेली. कपडे यायचे बंद झाले.

कोर्टात मावशींनी जे पाहिलं ते सांगितलं. मुलाचा वकील सभ्य होता. त्याने विचारलं, हे खरोखर वर्षानुवर्षं चाललं असेल, तर एकाच घरात राहून तुम्हाला कसं कळलं नाही?

“कळत होतं,” मावशी म्हणाल्या.

“मग गप्प का बसलात?”

“मशीन चालवत होते. ऐकू येऊ नये म्हणून.”

सून समोर बसली होती. इतका वेळ ती मावशींकडे बघत होती. हे ऐकल्यावर तिने नजर काढून घेतली, ती परत वळवली नाही.

मुलाला शिक्षा लागली, फार मोठी नाही. त्यानंतर मावशींनी आधारघरातल्या समुपदेशक बाईंकडे खेपा घालायला सुरुवात केली. त्यांना सुनेला आणि नातीला भेटायचं होतं. शेवटी बाईंनी आपल्याच ऑफिसात भेट ठरवली. सून एकटीच आली. मनगट थोडं वाकडं जुळलं होतं. कुठल्याशा छापखान्यात काम मिळालंय, स्वतंत्र खोली घेतलीय, असं तिने सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. मावशींनी नातीसाठी शिवलेला झगा पुढे केला. तो तिने मांडीवर घेतला, पण उलगडला नाही.

“आई, एक सांगते,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मशीनमुळे तुम्हाला ऐकू येत नाही. इतकी वर्षं मी तेच धरून होते. मार खाताना मनात म्हणायचे, बाहेर आई आहेत, त्यांना ऐकू आलं असतं तर धावून आल्या असत्या. तेवढाच आधार होता मला त्या घरात.”

तिने झग्याची घडी सारखी केली.

“तुम्ही खरं बोललात म्हणून मी सुटले. ते मी नाकारत नाही. पण तो आधारही तुम्हीच काढून घेतलात.”

“बटणला एकदा भेटवशील?”

“आत्ता नाही. पुढचं मला माहीत नाही.”

पत्ता मावशींनी मागितला नाही. घरी येताना मात्र तेच एक मनात सलत राहिलं, की नात कुठल्या गल्लीत खेळते एवढंही आपल्याला सांगावंसं तिला वाटलं नाही.

मुलगा सुटून आला तेव्हा दुपार होती. हडकला होता. मावशींनी वाढलं, त्याने खाल्लं. मग हात पुसत, शिकणाऱ्या माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात त्याने विचारलं, “ती कुठे राहते?”

माहीत नाही म्हटल्यावर तो हसला. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्याने त्यांचा हात धरला आणि मागे पिळला. त्या कळवळल्या, खाली बसल्या, तरी त्यांच्यापाशी सांगायला काही नव्हतं. पत्ता माहीत असता तर तो तोंडून निघालाच नसता, अशी खात्री त्यांना स्वतःबद्दल देता आली नसती. सून त्यांना पुरती ओळखून होती. शेवटी तो कंटाळला, दार आपटून निघून गेला.

मावशी तशाच उठल्या आणि समुपदेशक बाईंच्या ऑफिसात गेल्या. तो सुटलाय, शोधतोय, तिला सावध करा, एवढंच त्यांनी सांगितलं. बाईंचं लक्ष मात्र त्यांच्या सुजलेल्या हाताकडे होतं. पोलिसांत तक्रार द्यावी लागेल, मी बरोबर येते, असं त्या म्हणाल्या. मावशींनी मान हलवली. देते म्हणाल्या.

बाईंनी सुनेला फोन लावायला घेतला आणि विचारलं, “तुमच्याकडून काही निरोप सांगू?”



“तो सुटलाय एवढंच सांगा,” मावशी म्हणाल्या. “हाताचं सांगू नका. मला बघायला यायला हवं, असं तिला वाटायला नको.”

बाई फोनवर बोलत होत्या तोवर मावशी उठून बाहेर आल्या. तिकडून सुनेचा आवाज आला असता आणि तो ऐकायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असं त्यांना वाटलं. बाकावर बसून, दुखरा हात मांडीवर घेऊन, चौकीत न्यायला बाई केव्हा बाहेर येतात त्याची वाट बघत राहिल्या.